पैठणीचा मोर पानात मावेना

फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला स्केचबुक करायचं होतं. ए-थ्री आकार, बारा आकृत्या आणि रंगांऐवजी कापड, कागद, दोरा जे मिळेल ते चिकटवून केलेलं मिक्स मीडिया कोलाज. मला वाटलं, सुटले. वॉटरकलरमध्ये माझा हात कच्चा, इथे तर नुसतं कापायचं आणि चिकटवायचं. त्यात आमच्या तळमजल्यावर ब्लाउज शिवणाऱ्या काकू. त्यांच्या मशीनखालची चिंध्यांची गोणी म्हणजे माझ्यासाठी खजिनाच.

पहिल्याच दिवशी गोणीत पैठणीच्या ब्लाउजपीसचा उरलेला काठ सापडला. चार बोटं रुंद, वर अख्खा मोर. मी तो कौतुकाने आकृतीच्या घागऱ्यावर बसवला आणि पान मॅडमना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, पान लांब धरून पाहिलं आणि विचारलं, "हिने पडदा नेसलाय का गं?"

राग आला, पण घरी येऊन पट्टी घेऊन बसले. फॅशनची आकृती नऊ डोक्यांची, म्हणजे डोक्याच्या नऊपट उंच काढतात (खरा माणूस साधारण साडेसात डोक्यांचा असतो, इथे पाय मुद्दाम लांबवायचे). माझं एक डोकं साडेतीन सेंटिमीटरचं, म्हणजे अख्खी बाई साडेएकतीस सेंटिमीटर. खरी बाई १५५ धरली तरी चित्र जेमतेम एक पंचमांश. मग माझा आठ सेंटिमीटरचा मोर तिच्या अंगावर चाळीस सेंटिमीटरचा झाला की! मोर हातभर आणि बाई बोटभर. मॅडम चुकल्या नव्हत्या.

यावर दोन उपाय सापडले. पहिला, मुळातच बारीक नक्षीचं कापड घ्यायचं. लक्ष्मी रोडवरून खणाचे तुकडे आणले. कर्नाटकात गुळेदगुड्डला विणतात तो खण. त्याची नक्षी इतकी दाट आणि बारीक असते की पाचपटीने वाढली तरी अंगावर शोभते. दुसरा उपाय झेरॉक्सचा. आमच्या चौकातलं मशीन पंचवीस टक्क्यांच्या खाली जात नव्हतं, म्हणून आधी पन्नास टक्के, मग त्या प्रतीची चाळीस टक्के. झाला बरोबर एक पंचमांश मोर. एकदा घाईत घरच्या इंकजेटवर प्रिंट काढली, तर गोंद लागताच मोराची निळाई घागरा सोडून पायापर्यंत ओघळली. झेरॉक्सच्या शाईला पाण्याने काही होत नाही, हे तेव्हा कळलं.

गोंदाने तर रडवलंच. नेहमीचा पांढरा गोंद पातळ करून लावला की रेशमातून वर येतो आणि वाळल्यावर तेलकट डाग दिसतो. कागद पापडासारखा वाकतो तो वेगळाच. शिवाय इतका लहान तुकडा कापला की कडेचे धागे सुटायला लागतात. यातून काकूंनी सोडवलं. "अगं, कॉलरला लावतो ते फ्युजिंग मार की मागून." खरंच, कापडाच्या उलट बाजूला फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर ठेवून, वर बटर पेपर धरून इस्त्री फिरवली की कापड कागदासारखं कडक होतं. मग बाहीचं टोकसुद्धा छोट्या कात्रीने स्वच्छ कापता येतं, आणि चिकटवायला कोरडी ग्लू स्टिक पुरते. फक्त घेरदार घागऱ्याला मी फ्युजिंग लावलं नाही. तो तुकडा उरेब, म्हणजे धाग्यांना तिरपा कापून वरची कडच तेवढी चिकटवली, खाली मोकळा सोडला. उरेब कापड जसं अंगावर पडतं तसंच ते पानावरही पडलं. चुण्यांच्या आत मऊ पेन्सिलीने थोडी सावली भरली, बस्स.

सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र फुकट मिळाली. काकू ज्यावर मापं आखतात तो खाकी कागद. मी चेहरे आणि हात त्यातूनच कापले. पांढऱ्या पानावर नुसत्या रेषेने काढलेली बाई नकळत गोरीच दिसते. खाकी कागदावर तीच बाई आपल्यातली वाटायला लागली. एकीच्या गालावर काकूंच्या अक्षरातलं "छाती ३६" राहून गेलं होतं. तेही तसंच ठेवलं.

मग डोक्यात आलं की पानावर खरी शिवण घालावी. काकूंनी मशीन दिलं, पण आधी सुई बदलायला लावली. "कागद शिवलेली सुई बोथट होते. ती परत माझ्या रेशमाला लावायची नाही, सांगून ठेवते." टाका बारीक ठेवला तर भोकं जवळजवळ पडून पान पोस्टाच्या तिकिटासारखं फाटतं. एक पान असं गेलं. नंतर टाका चारवर ठेवला आणि निभावलं.

सहाव्या आकृतीपर्यंत वही इतकी फुगली की मिटेना, शिवण तटतटायला लागली. मग प्रत्येक भरलेल्या पानामागचं कोरं पान कापलं, बांधणीपाशी बोटभर पट्टी ठेवून. त्या पट्ट्यांनी मधल्या फुगवट्याला जागा करून दिली. तरी शेवटी परकराची नाडी बांधूनच वही सबमिट केली.

द्यायच्या आदल्या रात्री काकूंना दाखवायला घेऊन गेले. त्यांनी पानं सावकाश उलटली. मला सगळ्यात आवडणाऱ्या खणाच्या जॅकेटवर बोट ठेवून म्हणाल्या, "छान आहे. पण हिचा मुंढा कुठाय? हात घालणार कुठून ही?"

बाही मी सरळ खांद्याच्या रेषेवर चिकटवली होती. उचकटायला वेळ नव्हता. काकूंचाच खडू घेऊन जॅकेटशेजारी लिहिलं, "मुंढा विसरले," आणि नाडी बांधली.