समोर बसून शिकलेली शिवण

शाळेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असा ग्रुपवर मेसेज आला आणि मला सगळ्यात आधी आठवला तो शिवणाचा तास. बाकीच्यांनी गॅदरिंगबद्दल, खेळाच्या मैदानाबद्दल लिहिलं असेलच, म्हणून मी शिवणाबद्दलच लिहिते. खरं सांगायचं तर शाळेने मला जे दिलं त्यातलं रोजच्या रोज हातात येणारं असं हेच आहे, बीजगणित कधीच विसरले पण धावदोरा आजही डोळे मिटून घालता येतो.

मी डावखुरी. लहान वर्गात पेन्सिल डाव्या हातात दिसली की शिक्षक ती काढून उजव्या हातात द्यायचे, त्यामुळे शिवणाच्या पहिल्या तासाला मी आपणहूनच सुई उजव्या हातात धरली आणि डावा हात बाकाखाली ठेवला. चौकोनी रुमालाच्या कडेला सरळ धावदोरा घालायचा होता, एवढंच. माझा एक टाका मुंगीएवढा तर पुढचा बोटाच्या पेरभर, दोऱ्याला गाठी, कापड घामाने ओलं. बाई फिरत फिरत माझ्याजवळ आल्या, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग हळूच विचारलं, "घरी केस कुठल्या हाताने विंचरतेस गं?" मी म्हटलं, "डाव्या." "मग सुई पण त्याच हातात धर. आणि आता शेजारी नको बसूस, माझ्या समोर ये."

त्या समोर ये म्हणण्यात काय होतं ते मला खूप वर्षांनी नीट कळलं. उजव्या हाताने शिवणारं माणूस उजवीकडून डावीकडे जातं आणि डावखुरं माणूस डावीकडून उजवीकडे. शेजारी बसून बघितलं की सगळं उलटं दिसतं आणि डोकं गोंधळतं, पण समोरासमोर बसलं की आरशात बघितल्यासारखं होतं, त्यांची सुई ज्या बाजूला जाते त्याच बाजूला आपली पण जाते. वर्ग भरलेला असताना एका मुलीसाठी बाई रोज दहा मिनिटं माझ्या बाकासमोर स्टूल ओढून बसायच्या. धावदोरा, हातटीप, हेम, साखळी टाका, काज, सगळं मी असंच समोरून बघून शिकले.

डाव्या हाताने शिवताना दोऱ्याचा पीळ उलगडत जातो नाहीतर उगाच जास्त बसतो, आणि मग मध्येच त्याचा गुंता होतो. त्यावर बाईंनी शिकवलेली युक्ती मी आजही करते, आठ-दहा टाके झाले की कापड वर धरायचं आणि सुई खाली लोंबकळत सोडून द्यायची, ती स्वतःभोवती गरगर फिरते आणि दोरा आपोआप शांत होतो. दोरा पण हातभरच घ्यायचा, साधारण 45-50 सेंटीमीटर. लांब दोरा घेतला की सुई परत परत ओवावी लागत नाही असं वाटतं, पण तो गुंततो आणि कापडातून इतक्या वेळा घासत जातो की शेवटी शेवटी झिजून तुटतो, म्हणजे वेळ वाचवायला जावं तर तिथेच दुप्पट वेळ जातो.

कात्रीचं दुःख मात्र वेगळं होतं. नेहमीची कात्री डाव्या हातात धरली की दोन पाती एकमेकांना दाबायच्या ऐवजी लांब जातात आणि कापड कापलं न जाता मध्ये दुमडतं, आणि शिवाय वरचं पातं खडूची रेघ झाकून टाकतं. तेव्हा आमच्याकडे डावखुऱ्यांची कात्री कुठून असणार. बाईंनी मला सांगितलं की कापायचं काम उजव्या हाताने शिक, हळू हळू, लांब लांब कापत, टोकापर्यंत कात्री मिटायची नाही. ते शिकायला मला पूर्ण एक वर्ष लागलं. त्यामुळे आज मी कापते उजव्या हाताने आणि शिवते डाव्या हाताने, बघणाऱ्याला नवल वाटतं.

मशीनवर बसवलं तेव्हा मात्र पहिल्यांदा मला डाव्या हाताचा अभिमान वाटला. मशीनवर कापडाचा सगळा पसारा सुईच्या डावीकडे असतो आणि डाव्या हातानेच ते वळवावं लागतं. माझी टीप, म्हणजे मशीनची शिवण, पहिल्याच आठवड्यात सरळ यायला लागली. बाईंनी त्याच दिवशी सगळ्या वर्गाला विचारलं होतं की हातातल्या सुईचं नेढं, म्हणजे दोरा ओवायचं भोक, मागे असतं तर मशीनच्या सुईचं पुढे टोकाशी का? कुणालाच सांगता आलं नाही. मग त्यांनी बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची रिळी, काढून दाखवलं, मशीनची सुई कापडातून आरपार निघून जातच नाही, ती फक्त टोक खाली घालून दोऱ्याचा एक फास करते, खालचा दोरा त्या फासातून जातो आणि दोन्ही दोरे कापडाच्या मध्ये एकमेकांत अडकतात. एलियस हाव नावाच्या माणसाने 1846 मध्ये अमेरिकेत अशा दोन दोऱ्यांच्या मशीनचं पेटंट घेतलं होतं. मला तो फास बघून जे वाटलं होतं ते अजून आठवतं, की एवढ्याशा भोकाची जागा बदलली आणि केवढं काम सोपं झालं.

सुयांच्या नंबराचा घोळ पण तिथेच सुटला. हातसुईचा नंबर मोठा तेवढी सुई बारीक आणि मशीनच्या सुईचं बरोब्बर उलटं, नंबर मोठा तेवढी जाड. पातळ कापडाला 11, नेहमीच्या सुती कापडाला 14, जीन्ससारख्या जाड कापडाला 16. आजही कुणी म्हणालं की मशीन टाके सोडतंय तर मी आधी सुई विचारते, बहुतेक वेळा सुई बोथट झालेली असते नाहीतर चुकीच्या नंबरची असते, मशीन बिचारं चांगलंच असतं.

आठवीत आम्ही प्रत्येकीने घरासाठी एक वस्तू करायची होती, मी उशीचा अभ्रा निवडला. बटण नाही, चेन नाही, नुसता आत दुमडणारा, एकाच लांब पट्टीचा. उशी 45 बाय 70 सेंटीमीटरची. रुंदीला 45 आणि दोन्ही बाजूंना शिवणीत जाणारी दीड दीड माया म्हणजे 48, लांबीला 70 दुणे 140, वर एकमेकांवर चढायला 20, आणि दोन टोकं दुमडायला सहा, असे 166 सेंटीमीटर. दोन्ही टोकांना हेम घालायची, कापडाची सुलटी बाजू आत ठेवून घडी घालायची, दोन बाजूंना टीप मारायची आणि उलटवायचं, झाला अभ्रा. इतका सुंदर झाला की मी रात्री तो उशाशी घेऊन झोपले. आणि पहिल्या धुण्यात तो आटला. नवीन सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच आटू शकतं, म्हणजे सत्तरमागे साडेतीन सेंटीमीटरपर्यंत, आणि मी ते कापड न धुताच कापलं होतं. उशी आत जाईना, गेली तर दोन्ही कोपरे वाकलेले. मी शाळेत येऊन रडले. बाईंनी तो अभ्रा हातात घेतला, उलटा केला, शिवणीपाशी कापड चिमटीत धरून म्हणाल्या, "माया ठेवली आहेस ना, मग रडतेस कशाला?" आणि दोघींनी बसून टीप उसवली. उसवायची पण एक रीत असते हे तेव्हा कळलं, ओढून तोडायचं नाही, दर तीन-चार टाक्यांवर एकाच बाजूचा दोरा कापत जायचं आणि मग दुसऱ्या बाजूचा दोरा धरून ओढला की तो अख्खा निघून येतो, कापडाला काही होत नाही. दीड सेंटीमीटरातला एक सेंटीमीटर मोकळा केला, दोन्ही बाजूंना, लांबीसाठी एकमेकांवर चढणारा भाग थोडा कमी घेतला, आणि उशी बसली. शिवणीत आत सोडलेल्या जास्तीच्या कापडाला आपल्याकडे माया म्हणतात ते किती बरोबर आहे असं मला तेव्हापासून वाटत आलंय.

बाकी छोट्या छोट्या गोष्टी तर किती होत्या. कोटाचं बटण लावताना बटणावर आडवी काडी ठेवून तिच्यावरून टाके घ्यायचे, मग काडी काढून घ्यायची आणि बटण वर ओढून त्याच्याखाली दोऱ्याचे चार-पाच वेढे द्यायचे, म्हणजे बटणाला मान येते आणि जाड कापड त्याच्याखाली आरामात बसतं. मोज्याच्या टाचेला रफू करताना आत जुना बल्ब घालायचा, आधी सगळे उभे दोरे भरायचे मग आडवे एक वर एक खाली असे विणत न्यायचे, आणि प्रत्येक वळणावर दोरा किंचित सैल सोडायचा नाहीतर धुतल्यावर रफू गोळा होतं. गरम भांडं उचलायच्या फडक्यात जुन्या टॉवेलचे थर घालायचे, नायलॉन-पॉलिस्टरचं काही घालायचं नाही कारण ते तापलं की वितळतं आणि हाताला चिकटतं. गोल कडेला पट्टी लावायची तर ती उरेब कापायची, म्हणजे कापडाच्या तिरक्या दिशेने 45 अंशात, तशी ती ताणली जाते आणि वळणावर चुण्या पडत नाहीत.

आणि वह्या! उरलेल्या कोऱ्या कागदांच्या वह्या आम्ही शिवून करायचो. आठ-दहा कागद मधोमध दुमडायचे, घडीवर तीन भोकं, मधल्या भोकातून सुरू करून वरच्यात जायचं, तिथून मधलं सोडून थेट खालच्यात, आणि परत मधल्यात येऊन त्या लांब टाक्याच्या दोन्ही बाजूंना दोऱ्याची टोकं आणून गाठ मारायची. तीन भोकं आणि एक गाठ, पण ती वही वर्षभर सुटत नाही. माझ्या दोन्ही मुलांच्या चित्रांच्या वह्या मी अशाच शिवल्यात, त्यातल्या काही अजून कपाटात आहेत आणि गाठी तशाच घट्ट आहेत.

संसारात या सगळ्याचा किती उपयोग झाला ते मोजत बसले नाही. मुलांच्या दप्तराचे बंद, पडदे आखूड करणं, चादर मध्ये विरली की ती मधोमध फाडून कडेच्या चांगल्या बाजू एकमेकींना जोडणं, शर्टच्या पाठीच्या कापडाच्या पिशव्या, नेफ्यातून नाडी ओवायला सेफ्टी पिन. बाजारात सगळं मिळतं आणि कधी कधी स्वस्त पण मिळतं, मला माहीत आहे. पण मुलाच्या गुडघ्याला पडलेल्या भोकावर आपण ठिगळ लावतो तेव्हा त्याला ते कशाच्या आकाराचं हवंय हे विचारून लावतो, माझ्या धाकट्याला विमान हवं होतं, आणि ती पँट आखूड झाली तरी तो टाकू देत नव्हता.

मागच्या सुट्टीत नात आली होती, नऊ वर्षांची. मोबाईलवर व्हिडिओ बघून तिला कापडी ससा करायचा होता. व्हिडिओतली बाई भराभर शिवत होती, हिला काही जमेना, थांबवून मागे पुढे करून पण नाही. नात उजव्या हाताची आणि मी डावरी, शेजारी बसून दाखवलं तर तिचा अजूनच गोंधळ झाला. मग मी उठले, स्टूल ओढलं आणि तिच्या समोर जाऊन बसले. सुई माझी डाव्या हातात, तिची उजव्या, दोघींची एकाच बाजूला चाललेली. सशाचा एक कान पूर्ण झाला, दुसऱ्याला सुरुवात केली तेवढ्यात दारावरची बेल वाजली म्हणून मी उठायला लागले तर ती मान वर न करताच म्हणाली, "आजी, तू जाऊ नकोस ना, तू समोरून उठलीस की माझं उलटं होतं."