बाबांच्या जुन्या लॅपटॉपला वाय-फाय बसवताना

बाबांचा लॅपटॉप २००६ सालचा. बॅटरी कधीच गेलीय, पण की-बोर्ड ठणठणीत, आणि तेवढ्यावर ते त्याला सोडायला तयार नाहीत. प्रोसेसर ३२-बिटचा, म्हणून मी त्यावर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार, विंडोजऐवजी चालणारा) टाकून दिलं होतं. पुढची डेबियन १३ अशा मशीनवर बसवताच येत नाही, त्यामुळे निवड करायला फारसं काही नव्हतंच. टायपिंग, मेल, थोडंफार वाचन, सगळं चालायचं. फक्त वाय-फाय नव्हतं. राउटरपासून टेबलापर्यंत नेटवर्कची केबल जमिनीवरून गेलेली, आणि तिला दोनदा पाय अडकून मीच आपटले होते. दुसऱ्यांदा आपटल्यावर हे काम हातात घेतलं.

आधी लॅपटॉप उलटा करून खालची छोटी झाकणं उघडली. एकाखाली रॅम, दुसऱ्याखाली रिकामा स्लॉट. त्या काळी हेच मॉडेल वाय-फायसह आणि वाय-फायशिवाय, असं दोन्ही विकलं जायचं. आपलं बिनवाय-फायचं. पण स्लॉटशेजारी दोन बारीक वायरी, एक काळी, एक पांढरी, टोकांना टेप गुंडाळून निजवून ठेवल्या होत्या. अँटेनाच्या वायरी! त्या बिजागरीतून वर स्क्रीनच्या कडेपर्यंत जातात. म्हणजे कंपनीने सगळी तयारी करून फक्त कार्ड काढून घेतलं होतं. हे बघून मला इतका आनंद झाला की पुढचा विचार न करता मिनी पीसीआय एक्सप्रेसचं, म्हणजे अशा स्लॉटात बसणारं, वाय-फाय कार्ड मागवून मोकळी झाले.

कार्ड आलं ते अर्ध्या लांबीचं. स्लॉट पूर्ण लांबीचा. ५२ पिना दोन्हीकडे सारख्याच, त्यामुळे बसतं, पण स्क्रू लावायची भोकं जुळत नाहीत आणि कार्ड स्प्रिंगसारखं वर उचललं जातं. मधे जोडायची पत्र्याची पट्टी मिळते, ती आणली. मग त्या वायरी. टोकाला तांदळाच्या दाण्याहून लहान, गोल पितळी टोपी असते. ती कार्डावरच्या खुंटीवर अगदी सरळ धरून नखाने दाबायची, टिक् असा आवाज आला की बसली. तिरकी दाबली की टोपी चेपते, आणि चेपलेली टोपी म्हणजे नवी वायर, म्हणजे अख्खी स्क्रीन खोलणं. मला पाच-सहा प्रयत्न लागले. श्वास रोखून.

सुरू केलं. काळ्या पडद्यावर एक ओळ आली, अर्थ साधारण असा: नेटवर्कचं परवानगी नसलेलं कार्ड लावलंय, काढा. आणि मशीन तिथेच थांबलं.

शोधल्यावर कळलं की त्या काळातल्या काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना सर्वात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, मान्य कार्डांची यादी असते. यादीबाहेरचं काही दिसलं की पुढे जायचंच नाही. कंपन्यांचं म्हणणं, रेडिओचं प्रमाणपत्र ठरावीक कार्ड आणि ठरावीक अँटेना अशा जोडीला मिळतं. असेलही. मला तर वाटतं, ग्राहकाने सुटं कार्ड बाहेरून घेऊ नये हाही हेतू असणार. बदललेला बायोस टाकणारे लोक आहेत, पण ते करताना वीज गेली तर मशीन कायमचं आडवं, आणि याला बॅटरी नाही. कार्ड काढलं.

मग यूएसबीचा डोंगल, म्हणजे बाहेरून खोचायचं छोटं वाय-फाय यंत्र. बायोस ही यादी यूएसबीला लावत नाही. या वेळी मात्र आधी चिपचं नाव पाहिलं, मगच घेतला. एकाच डब्यात, एकाच नावाखाली आतली चिप बदलून विकतात, आणि लिनक्सला नाव नाही, चिप कळते. एआर ९२७१ ही जुनी चिप आहे, पण तिचा ड्रायव्हर (चिप चालवणारा प्रोग्रॅम) कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो. लावला, यूएसबीला काय काय जोडलंय ते दाखवणारी एलएसयूएसबी कमांड दिली, आणि ओळख क्रमांकात शेवटचे चार आकडे ९२७१. चिप तीच. तरी वाय-फाय काही दिसेना. डीमेसेगमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींमध्ये, पाहिलं तर ड्रायव्हर फर्मवेअरची (चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमची) फाइल मागत होता. ती वेगळ्या पॅकेजात असते, आणि पॅकेज उतरवायला इंटरनेट लागतं. केबल तर मी कौतुकाने गुंडाळून माळ्यावर टाकलेली. फोन यूएसबीने जोडून त्याचं टेदरिंग, म्हणजे फोनचं इंटरनेट लॅपटॉपला देणं, चालू केलं. लॅपटॉपला तो केबलवाल्या नेटवर्कसारखाच दिसतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

तरी पॅकेज उतरेना. म्हणे भांडाराची (डेबियनची पॅकेजं जिथून उतरतात त्या सर्व्हरची) यादी अजून वैध झालेली नाही. अजून? तेव्हा तारीख बघितली. झाकण उघडताना चार्जर काढला होता, आतला घड्याळाचा सेल मेलेला, त्यामुळे तारीख मागे गेली होती, आणि लॅपटॉपच्या लेखी ती यादी भविष्यातली होती. हाताने तारीख घातली, पॅकेज आलं, डोंगल काढून पुन्हा लावला, दिवा लुकलुकला.

नेटवर्कच्या यादीत सगळ्या शेजाऱ्यांची नावं आली, आमचंच नाही! इथे मी अर्धा तास राउटरला शिव्या दिल्या. हा डोंगल फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतो, आणि गर्दी फार म्हणून राउटरवरचा २.४ चा पट्टा काही महिन्यांपूर्वी मीच बंद केला होता. चालू केला, जोडला गेला.

वेग जेमतेम, पण बाबांच्या वाचनाला पुरतो. डोंगल थेट लॅपटॉपला न लावता छोट्या यूएसबी एक्स्टेंशनवर लावून टेबलाच्या कडेला चिकटवलाय. बाजूला बाहेर आलेला असला की वही सरकवताना धक्का लागतो, हे पहिल्याच दिवशी कळलं. उरलेलं कार्ड पत्र्याच्या पट्टीसकट खणात पडून आहे. घड्याळाचा तो सेल मात्र अजून बदललेला नाही. तो मदरबोर्डच्या खालच्या बाजूला आहे आणि पुन्हा सगळं खोलायचं मी टाळतेय.

बाबांनी पहिला मेल उघडला, वाचला, आणि विचारलं, "अगं, ती केबल फेकलीस की काय?"