सॉ मिलमध्ये भीती नाही वाटली?

सुट्टीत सॉ मिलला कामाला होतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "करवतीची भीती नाही वाटली?" मावशीनं विचारलं, हॉस्टेलच्या पोरांनी विचारलं, तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनीसुद्धा विचारलं. दरवेळी "वाटली थोडी" म्हणून मी विषय मिटवत आलो. आता तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो. भीती वाटली, पण करवतीची सगळ्यात कमी.

मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सांगलीत टिंबर एरिया नावाचा भागच आहे, पण आमची मिल तिथली नव्हे. मिरजेकडच्या रस्त्याला एका वखारीला जोडलेली. काम कसलं, तर टेप धरायचा, वहीत आकडे लिहायचे, फळ्या उचलून लावायच्या आणि भुसा भरायचा. मशीनला हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी मिस्त्रींनी, म्हणजे अण्णांनी, बजावलं होतं. "शिकायला आलायस नव्हं? मग लांबनं बघ."

आमच्याकडं बँडसॉ होता. वर एक आणि खाली एक अशी दोन मोठी चाकं, त्यांवरून फिरणारा दातेरी पट्टा. लाकूड कापणारी बाजू वरून खाली येते, त्यामुळं लाकूड टेबलावर दाबलं जातं. जुन्या गोल करवतीत उलटं व्हायचं. लाकूड पात्यात अडकलं की ते कापणाऱ्याच्याच अंगावर फेकलं जायचं. पट्टा तसं करत नाही. तो कुठं आहे हे दिसतं, आवाजावरून कळतं, आणि तो जागा सोडून तुमच्याकडं येत नाही. सैल बाही नको, गळ्यात टॉवेल नको, मशीनजवळ हातमोजे नकोत (मोजा दातात अडकला की हात ओढला जातो) आणि टेबलावरची ढलपी हातानं काढायची नाही, काठीनं लोटायची. एवढं पाळलं की पट्टा आपल्या जागी, आपण आपल्या जागी.

खरी भीती ओंडक्यांच्या ढिगाची. ट्रकमधून उतरवलेले ओंडके एकावर एक रचलेले असतात आणि खालचा एखादा सरकला की वरचे सगळे निघतात. त्याला ना आवाज, ना इशारा. म्हणून ढिगाच्या उताराकडं कधी उभं राहायचं नाही, ओंडक्यांच्या टोकांच्या बाजूला राहायचं. पहार घालणाऱ्यानं आधी ओरडायचं आणि खालच्या ओंडक्याला दोन्हीकडून ठोकळे लावल्याशिवाय वरच्याला हात घालायचा नाही. घरचे मला करवतीपासून जपून राहायला सांगायचे. ओंडक्यांबद्दल एकानंही विचारलं नाही.

अण्णांना मात्र भीती होती खिळ्याची. रस्त्याकडेचं झाड म्हणजे आपल्याकडं पाट्या ठोकायची फुकटची जागा. क्लास, प्लॉट, मूळव्याधीचा डॉक्टर, सगळे तिथंच. बांधावरच्या बाभळीला तर कुंपणाची तार. झाड वाढतं तसं लोखंड आत गिळलं जातं आणि वर सालीवर काही दिसत नाही. पट्टा त्यावर आदळला की दातांची ओळच्या ओळ जाते, कधी पट्टाही तुटतो.

म्हणून बुंध्याचा ओंडका आला की अण्णा आधी त्याचं कापलेलं तोंड पाण्यानं पुसायचे. लालसर-तपकिरी लाकडात शाई सांडल्यासारखा निळा-काळा डाग दिसला की बोट ठेवायचे, "हितं हाय." बाभळीत टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर असतं, ते लोखंडाशी मिळालं की हा रंग येतो आणि लाकडाच्या धाग्याधाग्यानं वर-खाली पसरतो, म्हणून टोकाला दिसतो. मी विचारलं, नेमका बुंधाच का बघता? तर म्हणाले, माणूस पाटी लावतो ती हात पोचेल तिथंच. झाड उंच होतं ते शेंड्याकडून. सहा फुटांवर ठोकलेला खिळा चाळीस वर्षांनीही सहा फुटांवरच असतो. डाग दिसला की तेवढा भाग काढून जळणाला टाकायचा. शेतकऱ्याला ते पटत नाही, त्याच्या लेखी ते चांगलं लाकूड असतं. वाद होतातच.

वाद मोजणीवरूनही होतात, आणि तिथं भ्यायची पाळी माझी होती, कारण टेप माझ्या हातात. ओंडक्याचा मधोमध घेर घ्यायचा, त्याचा चौथा हिस्सा करायचा, त्याचा वर्ग करून लांबीनं गुणायचं. घेर ४८ इंच आणि लांबी १० फूट असेल, तर चौथा हिस्सा १२ इंच म्हणजे एक फूट, म्हणून १० घनफूट. वर्तुळाचं सूत्र लावलं तर तोच ओंडका १२.७३ घनफूट भरतो. या पद्धतीत साडेएकवीस टक्के लाकूड हिशेबातच येत नाही. साल आणि कडेचे तुकडे वाया जातात म्हणून ही सूट, असं वखारवाले सांगतात. विकणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर सूट जास्तच वाटते, कारण कडेचे तुकडेही जळणाला वजनावर विकले जातात. एका शेतकऱ्याच्या मुलानं मोबाइलवर हिशेब करून मला हाच प्रश्न विचारला होता. मी मालकांकडं बोट दाखवलं. दुसरं काय करणार?

आता ज्याची भीती तिथं कुणालाच नव्हती, ती गोष्ट. भुसा. जाड भुसा पोत्यात जातो, पोल्ट्रीवाले नेतात; बारीक धूळ हवेत राहते. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमालावर त्या दिवसाचं लाकूड. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ साली लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातलं आहे, मुख्यतः नाकाच्या पोकळीच्या कर्करोगामुळं. हे मी जेवणाच्या सुट्टीत सांगितलं तर एक हमाल म्हणाला, "आमचं नाक काय कागदावर चालतंय व्हय?" हसलो सगळे. तोंडाला बांधलेल्या टॉवेलनं बारीक धूळ थांबत नाही, आणि मे महिन्याच्या सांगलीत चांगला मास्क दिवसभर लावणं हे सांगायला सोपं आहे. मी लावायचो, काढायचो, परत लावायचो. धूळ ओढून घेणारा पंखा पट्ट्याखाली बसवता येतो. मालकांना तो खर्च वाटतो. मशीनला नवीन पट्टा लागला तर मात्र त्याच दिवशी येतो.

तुमच्या मुलाला पाठवायचं म्हणत असाल तर अठरा पूर्ण असल्याशिवाय नको. आणि मिल बघायला जाल तेव्हा करवतीपाशी थांबू नका. ढिगाला ठोकळे लावलेत का बघा, आणि संध्याकाळी छताच्या पत्र्यावर, ट्यूबलाइटवर किती धूळ साचलीय ते बघा.