उलटे आटे

घर गरम ठेवणाऱ्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह गळत होता. जुना काढायचा, नवा बसवायचा, अर्ध्या तासाचं काम असा माझा हिशेब. प्रत्यक्षात भिंतीलगतच्या त्या बिडाच्या धुडाने दोन दिवस खाल्ले.

सुरुवात तशी बरी झाली. बॉयलर बंद केला, पाईप गार होऊ दिले आणि सगळं पाणी उतरवलं. दुसऱ्या टोकाचा व्हॉल्व्ह बंद करताना किती फेरे बसले ते लिहून ठेवलं, नाहीतर नंतर कोणत्या खोलीत किती गरम पाणी सोडायचं याचा मेळ बिघडतो. तळातून शाईसारखं काळं पाणी आलं. ते मॅग्नेटाइट, म्हणजे आतल्या लोखंडाचाच काळा गंज. नट सोडवताना दोन पाने लावले, एकाने व्हॉल्व्ह धरला, दुसऱ्याने नट फिरवला. एकच पाना लावला असता तर तांब्याचा पाईप पिळवटला असता.

खरी अडचण पुढे. व्हॉल्व्ह निघाला, पण त्याची पितळी नळी रेडिएटरच्या बुशात, म्हणजे टोकाला बसवलेल्या आटेदार कड्यात, तशीच. तिच्या आत दोन छोटे कान असतात, त्यांत रेडिएटरची पायऱ्यापायऱ्यांची किल्ली अडकवून फिरवायची. मी जोर लावला आणि एक कान तुटला.

मग पेनिट्रेटिंग ऑइल, म्हणजे गंजलेल्या सांध्यात झिरपणारं तेल. ते दोनदा वाया घालवल्यावर लक्षात आलं, की सांध्यावर रंगाचे इतके थर आहेत की तेल आत जातच नाही. सांध्याभोवतीचा रंग सुरीने कापला, पुन्हा तेल सोडलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी रेडिएटर दोघांनी उचलून अंगणात नेला. तेल पुसून काढलं (ते पेटतं), तोंडाला मास्क लावला, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि ब्लोटॉर्चने सांधा चारी बाजूंनी हळूहळू तापवला. पितळ बिडापेक्षा जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे तापून गार होताना गंजाची पकड सुटते. बीड एकाच जागी तापवलं किंवा त्यावर हातोडी घातली, तर ते तडकतं, म्हणून ठोकाठोक टाळली.

नळी तरीही हलेना. पाईप पाना लावला, तर पातळ पितळ चेपलं. आधी आत घट्ट बसणारा सळईचा तुकडा घालायला हवा होता.

आता बुशासकट सगळं काढावं म्हणून पान्याच्या दांड्यावर लांब पाईप चढवला आणि तासभर झटलो. थकून बसलो असताना कडेच्या रंगाखाली दिसणाऱ्या एका आट्याकडे नजर गेली. त्याचा उतार उलटा होता! अशा जोडाजोडीच्या रेडिएटरला एका टोकाला उजवे आणि दुसऱ्या टोकाला डावे आटे असतात, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे तासभर मी तो बुश आणखी घट्ट करत होतो. नंतर योग्य दिशेने फिरवूनही तो हलला नाही, हे ओघाने आलंच.

शेवटी हॅकसॉचं नुसतं पातं घेतलं आणि एका टोकाला फडकं गुंडाळून नळीच्या आतून चीर पाडू लागलो. ही पद्धत सगळ्यात संथ, पण आधीच हिच्याकडे वळायला हवं होतं. पंधरा-वीस घासे मारायचे, टॉर्चने बघायचं. पितळ संपत आलं की आट्यांच्या कडा काळ्या रेषांसारख्या दिसतात, तिथे थांबायचं. बोटभर अंतरावर दुसरी चीर पाडली, मधली पट्टी छिन्नीने हलकेच आत वाकवली आणि उरलेली नळी पकडीने सहज फिरून बाहेर आली.

एका आट्याला पात्याचा ओरखडा लागलाच. म्हणून नव्या नळीवर नुसत्या टेफ्लॉन टेपऐवजी ताग आणि सांध्याची पेस्ट वापरली. पाणी भरलं, हवा काढली, लिहून ठेवलेले फेरे मोजून दुसऱ्या टोकाचा व्हॉल्व्ह उघडला. रेडिएटर एकदा पूर्ण तापवला, मग गार होऊ दिला, आणि रात्री सांध्याखाली कोरडा कागद ठेवून झोपलो. सकाळी त्यावर एक डाग होता. वास घेऊन पाहिला, तेलाचा होता.