पिनियनवरचे दोन ठिपके

कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनात हवा दाबली जाण्याचा जोर, नाही म्हटलं की आपल्याकडे गॅरेजमध्ये पहिला संशय बॅरलवर, म्हणजे पिस्टन ज्यात चालतो त्या सिलिंडरवर जातो. बॅरल उतरवायचं, बोअर मारायला, म्हणजे आतून कापून थोडं मोठं करायला पाठवायचं, वरच्या साईजचा पिस्टन घालायचा. बुलेटच्या जुन्या बिडाच्या इंजिनात बऱ्याचदा ते बरोबरही असतं. पण कॉम्प्रेशन बॅरलच्या बाहेरूनही जातं, हे मी आजऱ्याकडच्या एका घरात जितकं स्वच्छ पाहिलं तितकं पुन्हा कुठे पाहिलं नाही.

गाडी आप्पांची, 350 ची स्टँडर्ड बुलेट. त्यांनी हयातभर तिच्यावरून डेअरीला दूध घातलं. आता गुडघे गेल्यामुळे ते सोप्यातल्या खाटेवरून फारसे उठत नाहीत. मुलगा मला आणायला आला तेव्हा म्हणाला, "गाडी गॅरेजला न्यायची नाही. आप्पांसमोर जोडायची. एकदा त्यांच्या डोळ्यांदेखत बाहेर गेली आणि खोक्यांतून परत आली." ते ऐकून मी हत्यारांची पेटी, व्हर्निअर, फिलर गेज आणि एक चार्ज केलेली बॅटरी घेतली आणि दुकान पोऱ्यावर सोडून निघालो. श्रावणातला पाऊस धरूनच होता.

खालचा चेंबर आणि गिअरबॉक्स फ्रेममध्येच होते. बाकी सगळं खोक्यांत. बॅरल, हेड, व्हॉल्व्ह उघडणारे दोन्ही कॅम, त्यांची उचल वर नेणारे टॅपेट आणि पुशरॉड, स्पार्क पाडणाऱ्या पॉइंटची ताटली, आणि नट-बोल्ट एका बिस्किटांच्या डब्यात. मी पोतं अंथरलं, रॉकेलची थाळी मागवली आणि एकेक वस्तू धुऊन मांडत गेलो. कनेक्टिंग रॉड हातात धरून वर-खाली करून पाहिला, अजिबात खेळ नव्हता. मग बॅरल उजेडात धरलं आणि थांबलो. आतल्या भिंतीवर होनिंगच्या, म्हणजे बोअरनंतरच्या शेवटच्या घासणीच्या, तिरप्या रेघांची जाळी जशीच्या तशी. वीसचा (वीस हजारांश इंच जादा मापाचा) पिस्टन, त्याच्या स्कर्टवर, म्हणजे खालच्या घेरावर, घासल्याची खूण नाही. रिंगा बोअरमध्ये सरळ बसवून गॅप पाहिला, तोही ठीक. म्हणजे बोअर मारल्यावर हे इंजिन चाललंच नव्हतं.

"बोअर कशासाठी मारला, आप्पा?"

"किकला जोरच न्हवता. बोअर झाला, नवा पिस्टन घातला, तरी त्येच. कारबोरेटरातनं फाडफाड करायची. मग तो मिस्त्री म्हनला, इंजान मेलं."

नवा बोअर, नव्या रिंगा आणि तरी किक मऊ. व्हॉल्व्ह लीक असतील म्हणून हेडच्या पोर्टमध्ये पेट्रोल ओतून ठेवलं. थेंबही झिरपला नाही. आता उरला टायमिंगचा चेंबर, व्हॉल्व्ह कधी उघडायचे-मिटायचे ते ठरवणारे गिअर असतात तो.

तिथे क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतो त्या मुख्य दांड्याच्या, टोकाला ऑइल पंप फिरवणारा वर्म (मळसूत्री गिअर) असतो. त्याचे आटे उलटे असतात. ज्याला हे माहीत नसतं तो सोडवायच्या नादात तो आणखी आवळत राहतो. या वर्मच्या षटकोनावर छिन्नीचे घाव होते. कुणाचे, हे विचारण्यात अर्थ नव्हता, पण या चेंबरमध्ये अंदाजाने हात घातलाय हे कळलं. पिनियन, म्हणजे कॅम फिरवणारा क्रँकवरचा लहान गिअर, वर्मच्या मागे असतं. त्यावर कंपनीचा ठिपका असतो, तो कॅमच्या गिअरवरच्या खुणेसमोर आणायचा. मी कपड्याने पिनियन पुसलं, टॉर्चचा झोत मारला आणि तिथे दोन ठिपके दिसले.

एक बारीक, नीट गोल, कडा साफ. दुसरा त्याच्यापासून दोन दात पुढे, उथळ, आणि त्याच्या एका बाजूला धातू किंचित वर आलेला. नखाला लागत होता. तो सेंटर पंचचा, म्हणजे टोकदार छिन्नी ठोकून हाताने केलेला होता. कॅमच्या गिअरवर मात्र एकच खूण, कंपनीची, आणि तो गिअर बाकीच्या सामानापेक्षा नवा दिसत होता.

मी आप्पांना विचारलं, "कॅम कधी बदलला होता का?"

"व्हय की. बोअरच्या आधी. खडखड करत हुता म्हनून येक बदलला. आन् त्येच्यानंतरच जोर गेला न्हवं का!"

कोडं तिथेच सुटलं. पिनियन दोन फेरे घेतं तेव्हा कॅम एक फेरा घेतो, त्यामुळे खुणा दर दुसऱ्या फेऱ्यालाच समोरासमोर येतात. फार पूर्वी कुणीतरी कव्हर उघडलं तेव्हा त्या जुळलेल्या नसणार. क्रँक फिरवून जुळवायच्या ऐवजी त्याने आहे त्या जागी पिनियनवर आणि कॅमवर स्वतःचा एकेक पंच मारला. यात बिघडत काहीच नाही. पंचची जोडी पंचशी लावली तर टायमिंग बरोबरच येतं, आणि गाडी तशी बरीच वर्षं चाललीही. पण कॅम बदलला तेव्हा पंचचा एक जोडीदार भंगारात गेला. पुढच्याने पिनियनवरचा पंच धरला आणि तो नव्या कॅमवरच्या कंपनीच्या खुणेसमोर लावला. ठिपक्यासमोर ठिपका आला, कव्हर बंद झालं, आणि कॅम दोन दात मागे पडले. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटायला लागला. पिस्टन वर चढत असताना निम्मी हवा पुन्हा कार्बोरेटरकडे परत. मग किकला जोर येणार कुठून? पिस्टनच्या डोक्यावर व्हॉल्व्हचा मार बसलेला नव्हता, तेवढं बरं झालं.

अंदाज पक्का करायला मी आधी मुद्दाम चुकीचा ठिपका लावला. बॅरल बसवलं, ते वर उचलू नये म्हणून स्टडवर पाइपचे तुकडे घालून नट हाताने आवळले, आणि टॅपेटवर बोटं ठेवून मुलाला टॉप गिअरमध्ये मागचं चाक फिरवायला सांगितलं. एग्झॉस्टचा स्ट्रोक संपून पिस्टन वर पोचतो त्या क्षणी एग्झॉस्टचा टॅपेट मिटत आलेला आणि इनटेकचा उठायला लागलेला असला पाहिजे. दोन्ही बोटांखाली साधारण सारखीच उंची लागते. इथे पिस्टन वर पोचला तरी इनटेकचा टॅपेट ढिम्म. पिस्टन खाली निघाल्यावर तो उठला. मग कॅम काढून कंपनीचा ठिपका लावला, चाक पुन्हा फिरवलं, आणि दोन्ही बोटं एकदम बरोबरीला आली. मी मुलाचीही बोटं तिथे ठेवून दाखवलं. खुणा पुसल्या जातात, पार्ट बदलतात, पण ही तपासणी कुठल्याही ठिपक्यावर अवलंबून नाही. कव्हर बंद करण्याआधी ती केली असती तर ते बॅरल अजून स्टँडर्ड साईजचं राहिलं असतं. बिडाच्या बॅरलला बोअर मारायचे मोजकेच असतात, आणि त्यातला एक इथे विनाकारण खर्ची पडला, याची मला आजही चुटपुट लागते.

पॉइंटचं टायमिंग हेड चढवायच्या आधीच केलं. प्लगचं भोक तिरकं असल्यामुळे त्यातून सळी घालून मापलेला मिलिमीटर भरवशाचा नसतो. उघड्या पिस्टनवर व्हर्निअरची जीभ सरळ टेकते. या इंजिनाला स्पार्क पिस्टन पूर्ण वर पोचायच्या 0.8 मिलिमीटर आधी लागतो, तोही ॲडव्हान्सची वजनं (वेग वाढला की स्पार्क आणखी आधी आणणारी) पूर्ण मिटलेली असताना. वजनं पाहिली तर वाळलेल्या ग्रीसमध्ये अर्धी उघडी चिकटून बसलेली. तशीच ठेवली असती तर पहिल्याच किकला पेडलने उलटा तडाखा दिला असता. ती रॉकेलने धुतली, स्प्रिंग पाहिल्या, पॉइंटचा गॅप 0.38 मिलिमीटर ठेवला. मग पॉइंटमध्ये विडीच्या बंडलाचा पातळ कागद धरला आणि कागद अलगद सुटेल त्या जागी पॉइंट उघडणाऱ्या कॅमचा मधला बोल्ट आवळला. आवळताना हा कॅम जरासा ओढला जातोच, म्हणून बॅटरी आणि बल्ब लावून पुन्हा पाहिलं. बल्ब किंचित उशिरा पेटला. ताटली केसभर सरकवली, मग बरोबर आलं.

हेड चढलं, नट आडव्या-तिडव्या क्रमाने आवळले. टॅपेटला थंड इंजिनात गॅप ठेवायचा नाही, पुशरॉड दोन बोटांनी फिरला पाहिजे पण वर-खाली हलता कामा नये. फिल्टरच्या चेंबरमध्ये आणि टायमिंग कव्हरमध्ये आधीच ऑइल ओतलं, कारण कोरडा पंप लवकर ओढत नाही.

आप्पांची खाट दारापर्यंत सरकवली. मी किक हळूहळू दाबत गेलो आणि एका जागी ती दगडासारखी अडली. आप्पांनी ते माझ्या पायावरूनच ओळखलं. "अडकली!" ते एकदम ओरडले. ॲमीटरचा काटा मध्यावर आला, म्हणजे पॉइंट उघडले, डीकॉम्प्रेसर (दाब सोडणारा खटका) ओढून किक थोडी पुढे घेतली, सोडला आणि मारली. पहिली फुकट गेली. पुढच्या किकला इंजिन धरलं आणि संथ, एका लयीत ठोके देऊ लागलं. मी लगेच वर हेडमधल्या रॉकरकडे ऑइल नेणाऱ्या पाइपचा बोल्ट सैल केला. आधी बुडबुडे, मग ऑइलची धार. ती दिसेपर्यंत मी आप्पांकडे पाहिलंच नव्हतं. पाहिलं तेव्हा ते दोन्ही हातांनी खाटेची माच धरून बसले होते आणि नातवाला सांगत होते, "ऐक, ह्यो आमचा आवाज."

कव्हर बंद करण्याआधी कंपनीच्या ठिपक्यावर मी पिवळा ऑइलपेंट लावला होता, आणि टूलबॉक्समध्ये मेणकागदात गुंडाळून चिठ्ठी ठेवली: पंचचा ठिपका धरू नये, कॅम बदललेला आहे. मुलाला सांगितलं, पहिले 800 किलोमीटर पन्नासच्या वर न्यायची नाही, आणि थोडं चालवून झालं की हेडचे नट आणि टॅपेट पाहायला मला बोलवायचं.

"पन्नासच्या वर मीच कवा नेली न्हाई," आप्पा म्हणाले, "ह्यो काय नेतोय!"