पावसाआधी गाडीचे वायपर बदलताना

विदर्भात वायपरचे रबर पावसात झिजण्याआधी उन्हातच संपते, हे नागपुरात गाडी उघड्यावर लावू लागल्यापासून माझ्या चांगलेच लक्षात आले आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, समोरची काच त्याहूनही अधिक तापते आणि त्या काचेवर महिनोन्‌महिने नुसते पडून राहिलेले रबर एका बाजूला झुकलेल्या अवस्थेतच कडक होऊन बसते. वास्तविक वायपर दिशा बदलतो तेव्हा रबराची कडही दुसऱ्या बाजूला उलटायला हवी. कडक झालेली कड उलटत नाही आणि मग जाताना पाणी नीट पुसले जाते, परतताना मात्र पाते थडथड उड्या मारत येते. माझ्या गाडीचे नेमके हेच झाले होते. जुलैत चिखलदऱ्याला जायचे ठरले होते आणि तिथल्या घाटात धुके व पाऊस एकदमच गाठतात, म्हणून मेअखेरीस हे काम घरीच उरकायचे मी ठरवले.

नवे पाते आणण्यापूर्वी काच धुऊन पाहावी, असा माझा आग्रह असतो. डिझेलचा धूर, रस्त्यावरचे तेल आणि गाडी धुताना लागलेले पॉलिश यांचा एक पातळ थर काचेवर साचतो. दिवसा तो दिसत नाही, पण रात्री समोरून दिवे आले की सगळी काच दुधाळ होते आणि दोष मात्र वायपरला दिला जातो. भांडी घासण्याचा द्रव साबण पाण्यात पातळ करून मी काच दोनदा धुतली, भरपूर पाण्याने साबण काढून टाकला आणि ओल्या फडक्याने रबराची कड टोकापासून टोकापर्यंत पुसली. फडक्याला काळे लागले, पण तेवढ्याने घाबरायचे कारण नाही, कारण रबर सहज सरकावे म्हणून बऱ्याच पात्यांच्या कडेला ग्रॅफाइटचा थर दिलेला असतो. त्या कडेवरून नख फिरवले तेव्हा मात्र दोन ठिकाणी बारीक चिरा लागल्या आणि पाते बदलण्यावाचून गत्यंतर नाही, हे स्पष्ट झाले. आमच्याकडे काही जण रबर रॉकेलने पुसून ‘मऊ’ करतात. त्याने रबर फुगते आणि कड वेडीवाकडी होते, तेव्हा तो उपाय करू नये.

सुट्या भागांच्या दुकानात गाडीचे नाव सांगताच दुकानदाराने विचारले, “भाऊ, मॉडेल कोणत्या सालचं? आणि हूकवाला की बटणवाला?” एकाच नावाच्या गाडीत सालागणिक आर्मची, म्हणजे पाते धरणाऱ्या दांड्याची, जोडणी बदलू शकते, त्यामुळे त्याचा प्रश्न रास्त होता. मी घरून टेपने मोजून नेले होते: चालकाच्या बाजूला 22 इंच, शेजारी 16 इंच आणि आर्मचे टोक हुकासारखे वळलेले. जास्त काच पुसली जावी म्हणून मोठ्या मापाचे पाते घेण्याचा मोह बरा नव्हे, कारण ते शेजारच्या पात्याला किंवा काचेच्या चौकटीला थडकते. सांगाड्याचे पाते स्वस्त असते. मी बिनसांगाड्याचे सपाट पाते घेतले, कारण सांगाड्याच्या बिजागऱ्यांत धूळ बसून त्या जाम होतात आणि मग रबराचा मधला भाग काचेला टेकतच नाही.

बदलण्याचे काम तसे किरकोळ आहे, पण एक काळजी अवश्य घ्यावी. पाते निघाल्यावर आर्म नुसत्या लोखंडाचा उरतो आणि त्यातली स्प्रिंग जोरदार असते. तो हातातून सुटला तर काच तडकू शकते, म्हणून मी काचेवर जाड टॉवेलची घडी ठेवली. आर्म उभा केला, पाते त्याला आडवे फिरवले, हुकाच्या आतली छोटी खिट्टी दाबली आणि पाते आर्मच्या बुडाच्या दिशेने सरकवले, तसे ते सुटले. नवे पाते हुकात अडकवून वर ओढले की ‘कट्’ असा आवाज येतो. तो आला नाही तर पाते पक्के बसलेले नाही, असे समजावे. रबराच्या कडेवरचे प्लास्टिकचे संरक्षक आवरण काढून टाकले, आर्म हाताने सावकाश खाली टेकवला आणि काच ओली करूनच वायपर सुरू केला.

चालकाची बाजू लख्ख पुसली गेली, शेजारचे पाते मात्र नवे असूनही थडथडत होते. ओळखीच्या मेकॅनिकने वायपर काचेच्या मध्यावर असताना चावी बंद करायला सांगितले आणि बाजूने वाकून पाहिले. आर्म किंचित पिळला गेला होता. त्यामुळे पाते काचेवर काटकोनात उभे न राहता एकीकडे कलले होते आणि कड एकाच दिशेने उलटत होती. “काका, रबर कितीही बदला, हे असंच राहील,” असे म्हणत त्याने आर्मला फडके गुंडाळले, पाना लावला आणि अगदी हलका पीळ दिला. दोन-तीनदा तपासून थोडे थोडे वळवल्यावर थडथड थांबली.

राहता राहिले पाण्याचे फवारे. बोअरच्या पाण्यातील क्षारांनी एक छिद्र पूर्ण बुजले होते. बारीक सुईने ते मोकळे केले आणि टाकीत डिस्टिल्ड पाणी व काच धुण्याचे द्रावण भरले. साधा साबण फेसाळतो, त्यामुळे तो टाकला नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 101 नुसार समोर काच असलेल्या गाडीला चालता वायपर असणे बंधनकारकच आहे. तरीही तो कोरड्या महिन्यांत कुणी तपासत नाही. उन्हाळ्यात आर्म उचलून ठेवण्याची पद्धत मला पसंत नाही, कारण जाता-येता कुणाचा धक्का लागला की आर्म काचेवर आदळतो. त्याऐवजी मी दुपारी काचेवर बाहेरून कापडी झाकण घालतो आणि आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने रबर पुसतो. मागच्या काचेच्या वायपरचे पाते धड होते, म्हणून त्यात फक्त नवे रबर भरून घेतले.