डिटेक्टर लॉग: जोत्यातून निघालेला पितळी ‘गडू’

गुहागरच्या आमच्या वाडीत मूळ घर पडून नुसतं जोतं उरलंय, त्याचा अर्धा भाग मेटल डिटेक्टरने धुंडाळायचा राहिला होता तो दिवाळीच्या सुट्टीत उरकला. उरकला म्हणजे तीन सकाळी मिळून पडवी आणि स्वयंपाकघराची जागा झाली, मागच्या परसात खाजकुयली माजलीये त्यामुळे तिकडे फिरकलो पण नाही.

जांभ्याने नेहमीसारखंच छळलं. चिऱ्यातच लोखंड एवढं की कॉइल, म्हणजे डिटेक्टरची खालची चकती, जरा खाली नेली की मशीन कुरकुरायला लागतं. सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर आणली, दर दहा पावलांना ग्राउंड बॅलन्स (मशीनने जमिनीतल्याच लोखंडाकडे दुर्लक्ष करावं म्हणून करायची जुळणी) परत केला आणि उभं-आडवं दोन्हीकडून फिरवून जो आवाज तसाच राहील तेवढाच खणायचा असं ठरवलं. तरी पहिले दोन दिवस पत्र्याचे वॉशर, एक कोयंडा, हाताने ठोकलेले चौकोनी खिळे आणि गंजून गोळा झालेलं एक चपटं पातं, जे मी अर्धा दिवस भाल्याचं म्हणून मिरवत होतो, हसू नका. आईने गंज जरा खरवडला तर खाली दाते, विळीच्या टोकाची नारळाची खवणी! एक भोकाचा पैसा पण मिळाला, साल वाचता येत नाही, पण असा पैसा १९४३ ते ४७ एवढीच वर्षं पाडला त्यामुळे काम सोपं.

तिसऱ्या दिवशी चुलीच्या कोपऱ्याजवळ वीतभर खाली एकदम स्वच्छ आवाज. निघालं काय तर पितळेचं एक भांडं, चहाच्या कपाएवढं, एका बाजूने चेपलेलं, काठ जाड, कमरेत डमरूसारखं आवळलेलं. मी म्हटलं गडू. काका म्हणाले पंचपात्री, पण कमरेत आवळलेली पंचपात्री मी तरी कुठे बघितली नाही. शेजारच्या काकी म्हणाल्या मापटं असेल, ते मला फारच लहान वाटलं.

आजी बराच वेळ ऐकत होती, मग म्हणाली, “अरे वाद कसले घालताय, शेर आण नि तांदूळ भरून बघ.” आणि तिने घडाघडा म्हणूनच दाखवलं, दोन निळवी म्हणजे कोळवं, दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर. म्हणजे ह्या भांड्याने शेर चार वेळात भरला तर चिपटं, आठात भरला तर कोळवं, सोळात भरला तर निळवं, आणि मधेच कुठेतरी अडकला तर मग माझा गडू. शीग न लावता, हाताने सपाट करून मोजलं. आठ झाले तरी शेर मूठभर रिकामाच, तेवढे तांदूळ त्या चेपलेल्या बाजूने खाल्ले असणार. कोळवं!

एक लक्षात ठेवा, शेर सगळीकडे सारखा नव्हता, त्यामुळे असं मोजायचं तर त्याच घरातलं नाहीतर त्याच गावातलं जुनं माप घ्या. आणि मापावरून वय ठरवायला जाऊ नका, मेट्रिकचा कायदा १९५६ चा पण शेर-पायली घराघरात त्याच्यानंतरही चालूच होती. भोकाचा पैसा पडवीत मिळाला आणि हे चुलीपाशी, म्हणून दोन्ही एकाच काळातलं असं मी तरी म्हणणार नाही.

साफ करताना फक्त पाणी आणि जुना टूथब्रश. चिंच अजिबात नाही, मागे एका वजनावरचा शिक्का मी चिंचेनेच घासून घासून घालवलाय. आजीला हे पटत नाहीये, तिला ते लख्ख हवंय, म्हणून सध्या माझ्या बॅगेत लपवलंय.

बुडाला बाहेरून तीन ठिपके ठोकलेले आहेत, एका ओळीत, अक्षर एकही नाही. तुमच्याकडच्या कुठल्या मापावर असे ठिपके असतील तर फोटो दाखवा, आणि सोबत ते माप शेरात किती वेळा मावतं तेही सांगा.